चौथ्या गिअरमधला यान लामर्स

बऱ्याच दिवसांनी इथे फिरकतोय. मधल्या काळात "काय हो, ब्लॉग बंद केलात का?" असं दोघा-तिघांनी विचारलं, त्यांचे आभार. बंद केला नव्हता, लिहिण्यासारखं काही सुचत नव्हतं इतकंच. आता एक विषय डोक्यात ठाण मांडून बसलाय आणि काही केल्या उठत नाही, म्हणून लिहून मोकळा होतो. विषय आहे यान लामर्स नावाचा एक डच रेसिंग ड्रायव्हर.

"कोण?" असं तुम्ही विचारणार, आणि त्यात तुमची काहीच चूक नाही. डच ड्रायव्हर म्हटलं की आज लहान पोरसुद्धा मॅक्स व्हेरस्टाप्पेनचं नाव घेईल. २०१६ साली स्पेनमध्ये मॅक्स जिंकला तोवर एकाही डच माणसाने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली नव्हती, हे मात्र इथल्या लोकांनाही हल्ली आठवत नाही. लामर्स हा त्या कोरड्या काळातला माणूस. फॉर्म्युला वनमध्ये त्याने ४१ वेळा नाव नोंदवलं, त्यातल्या २३ वेळा प्रत्यक्ष शर्यत सुरू केली, आणि सगळं मिळून पॉइंट किती? शून्य.

हे शून्यच माझ्या डोक्यात बसलंय. त्याला एक घरगुती कारण आहे, ते पुढे येईलच.

मी राहतो हार्लेमला. इथून झांडफोर्ट ट्रेनने दहा-बारा मिनिटांवर. समुद्रकाठचं गाव, मागे वाळूच्या टेकड्या आणि त्या टेकड्यांमधून वळणं घेत जाणारा रेसिंगचा ट्रॅक. वारा सुटला की समुद्राची वाळू उडून ट्रॅकवर येते आणि भल्याभल्यांच्या गाड्या घसरतात. लामर्स याच गावात १९५६ साली जन्मला. आपल्याकडे तालमीशेजारी राहणारी पोरं जशी आपोआप लाल मातीत जातात, तसं हे पोरगं ट्रॅकवर गेलं. तिथे रॉब स्लोटेमाकर नावाचे रेसिंग ड्रायव्हर गाडी घसरली की ती सावरायची कशी, हे शिकवण्याची शाळा चालवत. मुद्दाम निसरडी केलेली जमीन, त्यावर गाडी सोडायची, ती भेलकांडली की स्टिअरिंग आणि पायांनी सावरायची. यान तिथे गाड्या धुवायला लागला. धुता धुता चालवायला शिकला, आणि चालवता चालवता इतरांना शिकवायलाही लागला.

१९७३ साली, म्हणजे सतराव्या वर्षी, छोट्याशा सिम्का गाडीवर तो डच टूरिंग कार स्पर्धेचा विजेता झाला. इथे तेव्हा लायसन्स अठराव्या वर्षी मिळायचं. म्हणजे देशाचा चॅम्पियन, पण बाजारात गाडी घेऊन जायची परवानगी नाही! पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, तो फॉर्म्युला थ्रीचा युरोपियन विजेता झाला. पुढच्या वर्षी हाच किताब आलाँ प्रॉस्ट नावाच्या एका फ्रेंच मुलाने घेतला. रेसिंग बघणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. प्रॉस्ट चार वेळा जगज्जेता झाला. एकाच उंबरठ्यावरून एका वर्षाच्या अंतराने आत आलेले हे दोघे.

लामर्सला १९७९ मध्ये फॉर्म्युला वनची गाडी मिळाली ती शॅडो टीमची. टीम तोवर पार डबघाईला आलेली. वर्षभरात त्याचा सगळ्यात चांगला नंबर कॅनडात नववा. पॉइंट तेव्हा पहिल्या सहांनाच मिळायचे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झांडफोर्टच्या ट्रॅकवर एका शर्यतीत स्लोटेमाकर गेले. ज्यांनी आयुष्यभर घसरलेल्या गाड्या सावरायला शिकवलं, त्यांचीच गाडी घसरली. आज तिथल्या एका वळणाला त्यांचं नाव आहे.

मग १९८० ची लाँग बीच. अमेरिकेतल्या शहरी रस्त्यांवरची शर्यत. लामर्सकडे एटीएस नावाच्या छोट्या जर्मन टीमची गाडी. तिच्यातून या माणसाने पात्रता फेरीत चौथा नंबर काढला! पहिला नेल्सन पिके, मग आर्नू, मग देपाये आणि चौथा हा. भिंतींच्या मधून गाडी नेताना हातात काय असावं लागतं, ते त्याच्या हातात होतं याला यापेक्षा वेगळा पुरावा नको. रविवारी शर्यत सुटली आणि पहिल्याच फेरीत ड्राइव्हशाफ्ट तुटला. एक फेरीसुद्धा पूर्ण झाली नाही. पुढे कधीही तो इतक्या पुढून सुटला नाही.

त्याच शर्यतीत एन्साइन टीमच्या क्ले रेगात्झोनीचे ब्रेक निकामी झाले आणि तो माणूस कमरेखाली कायमचा लुळा झाला. पुढे त्याच एन्साइनची गाडी लामर्सच्या वाट्याला आली. तिच्यातून कित्येकदा शर्यतीला पात्र होणंही जमलं नाही.

१९८१ ची गंमत तर ऐकाच (गंमत कसली म्हणा). वर्षाच्या सुरुवातीला लामर्स पुन्हा एटीएसमध्ये होता. चार शर्यतींनंतर त्याच्या जागी स्लिम बोर्गुड आला. हा स्वीडनचा, मूळचा ड्रमर, आबा या प्रसिद्ध बँडबरोबर वाजवलेला. गाडीवर मोठ्या अक्षरांत आबाचं नाव झळकलं. आणि त्या बोर्गुडने इंग्लंडमध्ये सहावा नंबर काढून एक पॉइंट मिळवला. लामर्सला जो एक पॉइंट जन्मभर मिळाला नाही, तो त्याने सोडलेल्या सीटवर बसलेल्या ड्रमरला मिळाला. बोर्गुड काही वाईट ड्रायव्हर नव्हता, त्याला हसण्याचं कारण नाही. पण आकड्यांवरून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांनी हे दोन आकडे जरा शेजारी मांडून बघावेत. आपल्या नारायण कार्तिकेयनला २००५ मध्ये अमेरिकेत सहाच गाड्या धावल्या त्या शर्यतीत पाच पॉइंट मिळाले. मला त्याचा आनंदच आहे. पण एक आणि पाच पॉइंटवाले चांगले आणि शून्यवाला वाईट, असा हिशोब इथे लागत नाही, एवढंच म्हणायचंय.

१९८२ मध्ये थिओडोर टीम, डेट्रॉइटला सरावात मोडलेला अंगठा, जुलैमध्ये घरच्या झांडफोर्टला बिघडलेलं इंजिन... आणि फॉर्म्युला वनचं दार बंद. वय २६.

पुढची दोन-तीन वर्षं भरभर सांगतो. रेनॉच्या छोट्या टर्बो गाड्यांची स्पर्धा असायची, तिथे तो जिंकू लागला. कालपर्यंत फॉर्म्युला वनमध्ये असलेल्या माणसाने अशा गाडीत बसणं म्हणजे रणजी खेळून झाल्यावर गल्लीत टेनिस बॉल खेळण्यासारखं. त्याला लाज वाटली असेल-नसेल, बसला खरा. मग लांब पल्ल्याच्या शर्यती, आधी पोर्शे, नंतर जॅग्वार.

आणि १९८८ ची ल माँ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्रान्समध्ये दर जूनमध्ये चोवीस तासांची शर्यत होते. एक गाडी, तेव्हा साधारण तीन ड्रायव्हर, शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत. तेव्हा त्यात सहा किलोमीटरचा जवळजवळ सरळ रस्ता होता. त्याच वर्षी एका फ्रेंच गाडीने तिथे ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला होता. वर इंधनाचं बंधन, चोवीस तासांसाठी २,५५० लिटर. म्हणजे नुसतं पळायचं नाही, हिशोबात पळायचं. १९८१ पासून सलग सात वर्षं पोर्शेच जिंकत आलेली. जॅग्वारचा शेवटचा विजय १९५७ चा. जॅग्वारने पाच गाड्या उतरवल्या. त्यातल्या एकीत लामर्स, जॉनी डम्फ्रीज आणि अँडी वॉलेस.

रात्रभर पुढे-मागे चाललं. एका पोर्शेचं पेट्रोल संपलं, ती कशीबशी पिटपर्यंत आली आणि तिची जवळजवळ दोन फेऱ्यांची नुकसानी झाली. जॅग्वारची एक गाडी गिअरबॉक्स गेल्यामुळे बाद झाली. रविवारी लामर्सची गाडी पुढे होती, पण मागची पोर्शे टप्प्यात होती. तेवढ्यात लामर्सला गिअरबॉक्समध्ये काहीतरी जाणवलं. गेलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने मोडण्याआधी जे जाणवल्याचं सांगितलं होतं, नेमकं तेच.

इथे मी जरा थांबतो, कारण सगळी गोष्ट इथे आहे. गिअरबॉक्स मोडतो तो बहुतेकदा गिअर बदलताना. दर बदलाला शाफ्टवर, दातांवर हिसका बसतो. ल माँला चोवीस तासांत असे हजारो हिसके. लामर्सने काय केलं, गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवली आणि पुन्हा हलवलीच नाही. पाच गिअरच्या गाडीत चौथा म्हणजे सरळ रस्त्यावर वेग कमी आणि हळू वळणांवर इंजिन घुसमटणार. पण त्या जॅग्वारमध्ये सात लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन होतं, खालच्या फेऱ्यांवरूनही ओढणारं. बैलजोडी दांडगी असली की चढावर थांबून थांबून का होईना, गाडी निघते, तसं. पाय हलका ठेवून, वळणात वेग फार पडू न देता, त्याने ती शेवटपर्यंत आणली. ३९४ फेऱ्या, ५,३३२ किलोमीटर. दुसऱ्या नंबरची पोर्शे अडीच मिनिटांवर. जॅग्वार एकतीस वर्षांनी जिंकली आणि हजारो इंग्रज प्रेक्षक ट्रॅकवर घुसले.

मला राहून राहून वाटतं, ते लाँग बीचच्या चौथ्या नंबरवाल्या पोराचं काम नव्हतं. ते गाड्या धुणाऱ्या पोराचं काम होतं. निसरड्या जमिनीवर दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या सावरताना यंत्र पायांतून काय सांगतंय ते ऐकायची सवय लागली असणार. हा माझा तर्क, पण माझा त्यावर विश्वास आहे.

आता ते घरगुती कारण.

माझा भाचा कोल्हापूरला कार्टिंग करतो. कोल्हापुरात या खेळाचं वेड आहे, ट्रॅक आहे, तिथली काही पोरं बाहेरच्या स्पर्धांपर्यंत गेलीत. हा चौदा वर्षांचा आहे आणि खरंच चांगला चालवतो. मी मामा म्हणून सांगत नाही, स्टॉपवॉच सांगतं. दाजींचं गॅरेज आहे. पुढच्या पायरीला, म्हणजे फॉर्म्युला गाड्यांच्या स्पर्धांना जो पैसा लागतो, त्यासाठी गॅरेजची जागा तारण ठेवायचा विचार घरात चाललाय. गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. "तू तिकडं असतोस, तुला कळतंय त्यातलं. हा पोहोचंल का रे फॉर्म्युला वनला?"

मी ताईला प्रामाणिकपणे सांगितलं की नाही, बहुधा नाही. तिथे एका वेळी जगभरातले वीस-बावीस जण असतात. लामर्स युरोपचा चॅम्पियन होऊन, ट्रॅकच्या कुशीत वाढून टिकला नाही. गुण होते, पण चांगली गाडी नव्हती आणि दुसऱ्याच्या मागे पैसा होता. हे ऐकून ताई गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे बंद करू?"

तर तसंही नाही. कारण लामर्सची गोष्ट १९८२ ला संपत नाही आणि १९८८ लाही संपत नाही. १९९० ला त्याने अमेरिकेत डेटोनाची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९९२ मध्ये, छत्तीस वर्षांचा असताना, मार्च टीमने त्याला फॉर्म्युला वनमध्ये परत बोलावलं. दोन शर्यतींमध्ये तब्बल दहा वर्षं तीन महिन्यांचं अंतर, हा विक्रम आहे! ऑस्ट्रेलियात बारावा आला. पुढच्या वर्षी पूर्ण मोसम मिळणार होता, तर टीमचेच पैसे संपले आणि ती बंद पडली. (या माणसाच्या नशिबाला काय म्हणावं!) नंतर त्याने स्वतःची टीम काढली. मोठा प्रायोजक मिळेना, तर गाडीवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखले आणि एकेक चौकोन वेगवेगळ्या लोकांना विकला. त्या चौकडीच्या गाडीवर २००२ आणि २००३ मध्ये स्पोर्ट्सकारचा किताब मिळवला. डकारच्या वाळवंटात ट्रक चालवले. २०१८ मध्ये बासष्टाव्या वर्षी तो शेवटची ल माँ धावला, ती त्याची चोविसावी. २०२१ ला झांडफोर्टला फॉर्म्युला वन परत आलं तेव्हा तिथल्या शर्यतीचा स्पोर्टिंग डायरेक्टर हाच होता. धाकटा रेने स्वतः कार्टिंगमधून फॉर्म्युला फोरमध्ये उतरला, म्हणजे बापाने सगळं भोगूनही पोराला अडवलेलं नाही.

यातलं बरंचसं मी ताईला आणि मग दाजींना फोनवर सांगितलं. माझं म्हणणं एवढंच होतं की गॅरेज तारण ठेवू नका. गॅरेज गेलं तर पोराची शाळाच गेली. आणि त्याला ट्रॅकवरून उठवूही नका. ताई म्हणाली, "तू नेहमीसारखं दोन्ही बाजूंनी बोललास." दाजी काही बोलले नाहीत, ते फोनवर बोलतच नाहीत फारसे.

परवा भाच्याचा मेसेज आला. ट्रॅकवाल्यांशी त्याने स्वतःच बोलून घेतलंय. शनिवार-रविवार तो तिथल्या मेकॅनिकच्या हाताखाली काम करणार, बदल्यात संध्याकाळी मोकळ्या ट्रॅकवर वीस फेऱ्या. तारणाचा विषय दिवाळीपर्यंत पुढे ढकललाय. आणि त्याने विचारलंय की मामा, चौथ्या गिअरमध्ये उभी गाडी उचलताना क्लच जळला कसा नाही? याचं उत्तर मला येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी गाड्यांमधलं जाणकार असेल तर जरूर सांगा, पोरगं वाट बघतंय.