पाणी कुठपर्यंत येऊ द्यायचं

पुणतांब्याच्या गोदाकाठी विजेची मोटर पाण्यात सोडण्याचं कुणाला नवल वाटत नाही. विहिरीत, बोअरमध्ये, नदीच्या डोहात पाणबुडी मोटर वर्षानुवर्षं बुडून चालते. आणि काठावर कोरड्यात, पत्र्याच्या पेटीत बसवलेला स्टार्टर मात्र पावसाळ्यात दगा देतो. वॉटरप्रूफिंगचं मर्म मला या उलट्या दिसणाऱ्या गोष्टीत सापडतं. पाणी साफ अडवायचंच, हा हट्ट धरला की काम फसतं. ते कुठपर्यंत येऊ द्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. बर्फाळ देशांतले हौशी लोक रिमोटवर चालणारे छोटे ट्रक बर्फातून पळवतात, त्यांच्यापुढचा प्रश्नही हाच आहे.

पाण्याने भरलेल्या पाणबुडी मोटरमध्ये हवेला जागाच नसते. खाली सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरायचं, हलवून बुडबुडे काढायचे, मग बूच लावायचं. वायंडिंगच्या तांब्याच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं. ती त्या पाण्यातच राहते. तेच पाणी तिला थंड ठेवतं, तळाच्या थ्रस्ट बेअरिंगला वंगणही तेच. तापून पाणी फुगलं तर रबरी पडदा ते सामावून घेतो. दहा मीटर खोलीवर बाहेरून एका वातावरणाइतका जादा दाब असतो, पण आतही पाणीच असल्याने सीलवर तो भार पडत नाही. सीलचं मुख्य काम वाळू आणि गाळ बाहेर ठेवण्याचं. ट्रकची ब्रशलेस मोटर याच वळणाची आहे: तारेवर एनॅमल, कम्युटेटर नाही, कार्बन नाही. बर्फ वितळून ती भिजली तरी चालते. गंजतात ती बेअरिंगं. फेरी झाली की ती सुकवून तेलाचा थेंब द्यावा. तिला चहूबाजूंनी बंद करून टाकलं तर तिची उष्णता कोंडते आणि ती पाण्याआधी तापूनच मरते.

मग पाणी घात करतं कुठे? जोडावर. मोटर बंद पडली की वायंडिंगला दोष देण्याआधी केबलचा जोड बघावा. चांगल्या जोडात तिन्ही तारा एका रेषेत जोडत नाहीत, बोट-दोन बोटं मागेपुढे ठेवतात. तांबं घासून चकचकीत करायचं, पिळून डाग द्यायचा, मग रबरी टेप ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढवत गुंडाळायची, दोन्हीकडे केबलच्या आवरणावर चांगली पुढे नेऊन. वरून पीव्हीसी टेप. सुईएवढी फट राहिली तरी पाणी बारीक तारांमधल्या पोकळीतून सरकत जातं आणि लांब, कोरड्या दिसणाऱ्या जागी तांबं हिरवं पडतं. ट्रकच्या रिसीव्हरच्या पेटीतही झाकणापेक्षा वायर जिथून बाहेर पडते तीच जागा बहुधा गळते.

राहिली आत हवा असलेली पेटी, स्टार्टरची असो वा रिसीव्हरची. कुणी म्हणेल, रबरी गॅस्केटची, आयपी ६७ शिक्का असलेली पेटी घ्या, प्रश्न मिटला. पण तो शिक्का एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाच्या चाचणीचा आहे. गरम पेटी एकदम गार होण्याचा हिशेब त्यात धरलेला नसतो. ट्रकमधली हवा ५० अंशांवर असताना तो शून्य अंशाच्या बर्फात रुतला, की बंद पेटीतला दाब सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो. पेटी अक्षरशः पाणी ओढून घेते. उन्हात तापलेल्या स्टार्टरच्या पेटीवर पावसाची सर आली की तेच घडतं. म्हणून स्टार्टरच्या पेटीला तळाशी बारीक भोक ठेवावं, त्याला जाळी लावावी म्हणजे मुंग्या-पाली शिरत नाहीत, आणि केबल खालूनच, वाक देऊन आत घ्यावी. ट्रकला मात्र हा उपाय पुरत नाही, कारण तो उलटतो. त्याचा तळ ठरलेला नाही. तिथे सर्किट बोर्डावरच संरक्षक लेप द्यावा लागतो. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरला असा लेप चालत नाही, त्याचे पॉइंट मोकळे भिडायला हवेत.

दुसरा आक्षेप स्वस्ताईचा: सगळं सिलिकॉनने भरून टाकलं तर? व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. शिवाय आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही, दुरुस्तीलाही वाट उरत नाही. कोंडलेल्या ओलाव्यापेक्षा भिजून सुकलेला भाग मला केव्हाही बरा वाटतो.

वरच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत पाणी सुटलं की काठावरच्या मोटरी घाईघाईने वर ओढल्या जातात आणि ओढाताणीत जोड ताणले जातात. म्हणून पुन्हा सोडण्याआधी प्रत्येक जोड बादलीभर पाण्यात बुडवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने तार आणि पाणी यांच्यामधला रोध मोजा. जोड चांगला असेल तर काटा अनंताकडे जातो. एक मेगाओहमच्या खाली थांबला, तर टेपवर टेप चढवू नका. जोड कापा आणि नवा करा.