हातात किती पडले?

शेतमाल विकून परतणाऱ्या माणसाच्या खिशात पैसे असतात आणि पट्टी असते. पैसे दोनदा मोजले जातात. पट्टीची घडी होते, ती पासबुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जाते आणि तिथंच राहते. खरं तर तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं: किती कट्टे होते, बारदाना वजा जाता वजन किती भरलं, दर काय लागला, हमाली, तोलाई, ओलाव्यापोटी काय कापलं. फक्त या माणसाच्या हातात क्विंटलमागे किती पडले, ते कुठल्याच रकान्यात नसतं.

कर्नाटकातल्या आमच्या चिटगुप्प्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण आमचा माल एका बाजाराला बांधलेला नाही. २०१८मध्ये आमचा तालुका वेगळा झाला, पण शेतकरी तालुका बघून माल भरत नाही. हुमनाबाद जवळ आहे, बीदर आणि कलबुर्गी आवाक्यात आहेत आणि सोयाबीन बरं पिकलं असेल तर टेम्पो महाराष्ट्राची हद्द ओलांडून उदगीरला, कधी थेट लातूरला जातो. दर कळण्याची अडचण आता उरलेली नाही. कर्नाटकानं २०१४पासून बाजार समित्या ऑनलाइन जोडायला सुरुवात केली, १४ एप्रिल २०१६ला केंद्राचं ई-नाम आलं, आणि आता सकाळी दहाच्या आत प्रत्येकाच्या फोनवर चार बाजारांचे दर येऊन पडतात. पण दर म्हणजे हातात पडणारे पैसे नव्हेत. समजा, एका बाजारात सोयाबीनला ४,३०० लागले, तिथं ओलाव्यापोटी क्विंटलला दोन किलो कापले आणि हमाली, तोलाई, भाडं मिळून दीडशे गेले. दुसऱ्या बाजारात दर ४,२००च, पण वजन पूर्ण धरलं आणि खर्च नव्वद. पहिल्यात हातात ४,०६४ येतात, दुसऱ्यात ४,११०. गावात मात्र चर्चा होते ४,३००चीच.

मी इथल्या दुकानांना बिलाची आणि हिशोबाची सॉफ्टवेअरं बसवून देतो. त्या निमित्तानं अडतीच्या गाद्यांवर बरंच बसणं होतं, म्हणून पट्ट्या डोळ्यांखालून जात होत्या. हा रिकामा रकाना भरून देणारं काहीतरी करावं असं ठरलं ते २०२४च्या सोयाबीनच्या तोंडावर. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदीला ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागायचा. ती अट पंधरा टक्क्यांपर्यंत सैल झाली तोवर नोव्हेंबर उजाडला. ज्यांना दिवाळीआधी पैसे हवे होते त्यांनी मिळेल त्या दरानं माल घालवला. अशा वर्षी पन्नास-शंभर रुपयांचा फरक घरात जाणवतो.

आमच्या धंद्यात पहिल्या छोट्या आवृत्तीला एमव्हीपी म्हणतात, मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट. फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१मध्ये हा शब्दप्रयोग केला आणि एरिक रीस यांच्या २०११च्या ‘द लीन स्टार्टअप’नं तो जगभर पोचवला. कल्पना चांगली आहे, पण ती पोचता पोचता तिचा अर्थ ‘कसंतरी उरकून लवकर बाजारात आणा’ असा होऊन बसला. तरुण मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या वहीत दहा सोयींची यादी असते, प्रत्येक सोय अर्धी झालेली, आणि त्याला ती पहिली आवृत्ती म्हणतात. माझ्या मते पहिली आवृत्ती म्हणजे एकच शब्द द्यायचा, थोड्याच लोकांना द्यायचा आणि तो पुरा पाळायचा. बाकीचं सगळं सोडून देता येतं.

आमचा शब्द होता: दिवस मावळेपर्यंत पट्टीचा फोटो पाठवा, रात्रीच्या जेवणाआधी हातात किती पडले ते सांगू. एवढंच. अ‍ॅप नव्हतं, नावनोंदणी नव्हती, ओटीपी नव्हता, आलेख तर नव्हतेच. व्हॉट्सअ‍ॅपचा एक नंबर होता आणि आमच्याकडे गणिताचा एक तक्ता. फोटो यायचा, मी आकडे भरायचो, माझी आतेबहीण तेच आकडे पुन्हा पट्टीवरून ताडून बघायची आणि मग ती आपल्या आवाजात निरोप पाठवायची. आवाजातच, कारण इथं घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी चालते. हुमनाबादची पट्टी कन्नडमध्ये येते, उदगीरची मराठीत. ज्याला एक वाचता येते त्याला दुसरी येईलच असं नाही, पण ऐकायला तिन्ही येतात. लेखी निरोप पाठवला असता तर लिपी कोणती, हाच पहिला प्रश्न पडला असता आणि त्यात आठवडा गेला असता.

घाईबद्दल इथं थोडं सांगायला हवं. पुण्या-बेंगळुरूत घाई येते ती गुंतवणूकदाराच्या तारखेमुळे. आमच्याकडे ती पिकामुळे येते. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं आणि दिवाळी सरेपर्यंत बहुतेकांचं विकून होतं. त्या काही आठवड्यांत गरज उघडी असते, पट्टी ताजी असते, माणूस चिडलेला किंवा खूश असतो. नोव्हेंबर संपल्यावर अतिशय देखणं अ‍ॅप घेऊन गेलात तर लोक चहा पाजतील, पण दाखवायला पट्टी नसेल. मग थेट जानेवारीतल्या तुरीची वाट बघायची. म्हणून ‘सगळं तयार झाल्यावर’ ही भाषा मी सोडली. हंगामाच्या आधी काय तयार होऊ शकतं, एवढंच बघायचं आणि त्यावरून शब्द केवढा द्यायचा ते ठरवायचं.

हातानं काम करण्याला आमच्या क्षेत्रात कमी लेखतात. मला ते सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण वाटतं. फोटोवरून आकडे वाचणारं तंत्र तेव्हाही मिळत होतं, ते सुरुवातीपासून लावता आलं असतं. पण मग बारदाना काही पट्ट्यांवर वेगळा दाखवतात आणि काहींवर आधीच वजा करून टाकतात, हे आम्हाला कळलं नसतं. ओलाव्याची कपात कुठे वजनात होते, कुठे दरात होते आणि कुठे ‘सूट’ म्हणून खाली एका ओळीत बसते. भाडं तर पट्टीवर नसतंच, ते टेम्पोवाल्याला रोख दिलेलं असतं, ते विचारूनच घ्यावं लागतं. शंभर प्रश्नांची यादी करून मुलाखती घेतल्या असत्या तरी यातलं अर्धंही कोणी सांगितलं नसतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटतच नाही. पट्टीमागून पट्टी हातानं भरताना हे रकाने आपोआप उभे राहिले. पुढे आज्ञावली लिहिली तेव्हा तिचा सांगाडा आयताच तयार होता.

काय सोडायचं हे ठरवताना एक कसोटी मला उपयोगी पडली: ही गोष्ट नसली तर हा माणूस दुसरी पट्टी पाठवील का? नावनोंदणी नसली तरी पाठवील. रंगीत आलेख नसला तरी पाठवील. आकडा चुकला तर मात्र कधीच पाठवणार नाही, आणि शेजाऱ्यालाही पाठवू देणार नाही. म्हणून बाकी सगळीकडे हात आखडता घेतला तरी ताडून बघण्यात घेतला नाही. दुसरी जपण्याची गोष्ट म्हणजे नाव. पट्टीवर माणसाचं नाव असतं, गाव असतं, किती पिकलं ते असतं. कोणाचं किती देणं आहे हे जिथं सगळ्यांना माहीत असतं तिथं हा कागद नाजूक आहे. हिशोब सांगून झाला की फोटो काढून टाकायचा आणि इतर बाजारांत किती पडले असं दुसऱ्यानं विचारलं तर फक्त बाजार आणि आकडा सांगायचा, हा नियम सुरुवातीपासून होता. असले नियम मागाहून घालता येत नाहीत.

लोकांचं मत घेणं लहान गावात अवघड आहे. इथं तुमच्या वडिलांना ओळखणारे लोक असतात. ते ‘छान केलंस बाळा’च म्हणणार. ते खोटं नसतं, ती माया असते, पण तिच्यावरून काही ठरवता येत नाही. म्हणून मी मत विचारणं थांबवलं आणि न सांगता दुसरी पट्टी कोण पाठवतो ते पाहू लागलो. आणि पैसे मागून बघितले. अगदी थोडे, फोनपेवर. शेतकऱ्यांनी मान डोलावली, पुढच्या हंगामाला बघू म्हणाले. पैसे दिले ते टेम्पोवाल्यांनी.

हे मला अजिबात सुचलं नसतं. दोन-चार एकरवाल्याचा माल टेम्पोभर होत नाही. चार घरचे कट्टे एकत्र भरतात, आणि कुठल्या बाजाराला जायचं यात टेम्पोवाल्याचा शब्द चालतो. त्याचा शब्द खरा ठरला तर पुढच्या खेपेला लोक त्यालाच बोलावतात. आमचा निरोप तो गाडीतच मोठ्यानं लावायचा, मागे बसलेले सगळे ऐकायचे. असाच एक मामा आतेबहिणीला म्हणाला, “पोरी, हातात किती पडले ते आधी सांग गं, हमाली-बिमाली मागून. खड्ड्यात गाडी आदळली की ऐकायचं राहून जातं.” त्या रात्रीपासून निरोपाचा क्रम बदलला: आधी आकडा, मग बाजार, मग कपात. ही सुधारणा कोणत्याही कार्यालयात बसून झाली नसती.

गिऱ्हाईकाच्या जवळ राहून घडलेल्या पहिल्या वस्तूचं आपल्याच माणसांचं उदाहरण मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना नेहमी देतो, ते क्विक हील या अँटिव्हायरसचं. कैलास काटकर दहावीपर्यंत शिकलेले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात काम करत ते घडले, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं आणि १९९३मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस उभी राहिली. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांमध्ये व्हायरस सापडू लागले. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी मायकेलअँजेलो या व्हायरसवर उतारा म्हणून एक छोटी आज्ञावली लिहिली. ६ मार्चला, म्हणजे मायकेलअँजेलो या शिल्पकाराच्या वाढदिवशी, जागा होऊन हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर घाला घालणारा तो व्हायरस. संजय यांनी जगातल्या सगळ्या व्हायरसांचा बंदोबस्त करायला घेतला नाही. टेबलावर आलेल्या यंत्रात जो होता त्याला काढलं. क्विक हील या नावानं उत्पादन १९९५मध्ये आलं, कंपनीनं तेच नाव २००७मध्ये घेतलं आणि २०१६मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते दुरुस्तीचं टेबल. गिऱ्हाईक शोधायला जावं लागलं नाही, ते तक्रार घेऊन समोर उभं होतं. आणि तक्रार ऐकणारा व आज्ञावली लिहिणारा एकाच घरात होते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगतो की आधी असं टेबल शोधा. आमच्यासाठी ते अडतीची गादी ठरलं. कोणासाठी ते दूध संकलन केंद्र असेल, कोणासाठी पहाणीचा उतारा काढायची खिडकी.

आणखी मागे गेलं तर बेळगावचे लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. १८८८मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात, मग कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर, १९१०मध्ये किर्लोस्करवाडी. नांगराला लोक सुरुवातीला बिचकले, लोखंडानं जमीन बाधते अशी समजूत होती. कडब्याच्या यंत्राला कुठली समजूत आड येणार? ज्याच्या दावणीला जनावर आहे तो रोज कडबा तोडतोच. पहिल्या वस्तूनं माणसाच्या चालू कामातलं ओझं कमी करावं. त्याची समजूत बदलण्याचं काम दुसऱ्या वस्तूकडे ठेवावं, तोवर तुमचा शब्द त्यानं पारखलेला असतो. शेतकऱ्यानं कुठं विकावं हे आम्ही अजूनही सांगत नाही. आकडा सांगतो, गाडी तो वळवतो.

तुरीच्या हंगामाला आम्ही फोटो वाचण्याचं काम यंत्राकडे दिलं, आणि शेवटची नजर माणसाची ठेवली. आवाज अजून आतेबहिणीचाच आहे. यंत्राचा लावून पाहिला तर लोक उलट फोन करून विचारू लागले की ताई आजारी आहेत का. नवीन सोय एकच वाढवली. तुरीचा दर सोयाबीनच्या कितीतरी वर असतो, रक्कम मोठी होते आणि ती हातात पडायला कधी कधी दिवस लागतात. पट्टीवर तारीख विक्रीची असते, पैसे आल्याची नसते. म्हणून आता आम्ही आणखी एक निरोप मागतो: ज्या दिवशी पैसे मिळतील त्या दिवशी फक्त ‘आले’ एवढं बोलून पाठवा. पट्टी पाठवण्यात शेतकऱ्याला लगेच काहीतरी मिळतं, या निरोपात त्याला स्वतःला काही मिळत नाही, पुढच्याला मिळतं. तो किती जण पाठवतात ते बघतो आहे. फारसे आले नाहीत तर ही सोय काढून टाकायची, आणि आले तर उडीद-मुगाच्या आधी बाजारागणिक हातात किती पडले आणि किती दिवसांनी पडले, असे दोन आकडे टेम्पोत ऐकू येतील.