गुडघ्यातला आवाज

आमच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात ऑर्गन म्हटल्यावर संगीत नाटक आठवणारी माणसं आता थोडीच उरलीत. बाकीच्यांना ती मोठी पेटीच वाटते. पण पेटीत एक हात भात्यावर अडकतो. ऑर्गनचा भाता पायांत, म्हणून दोन्ही हात मोकळे. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा मागच्या रांगेपर्यंत सूर याच वाद्यानं पोचवला.

बोटं लवकर तयार होतात. पाय आणि गुडघे मात्र जन्मभर शिकत असतात. गायकानं तान घेतली की गुडघ्यानं वाद्याखालची आवाजाची पट्टी बाजूला रेटायची, आवाज फुलतो; तो शब्दावर थांबला की ती अलगद सोडायची. पाय चुकून थबकले तर भर पदात सूर बसलाच! कस्टम्समधली नोकरी सांभाळून नाटकांना साथ करणारे गोविंदराव पटवर्धन पदाचे शब्दसुद्धा वाद्यातून ऐकवत. पण पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही म्हणून आकाशवाणीनं १९४० साली तिला दार बंद केलं, ते १९७१पर्यंत काही उघडलं नाही. आक्षेप खरा होता, शिक्षा मात्र जास्त झाली, असं मला अजून वाटतं.

अमेरिकन जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथचं १९५८ सालचं ‘द सर्मन’ ऐकलं तेव्हा मी आधी त्याच्या पायांचा विचार केला. हॅमंड ऑर्गन विजेवरचा, भाता नाहीच. डाव्या हातानं खर्जाची चाल, डाव्या पायानं तिला ठोके आणि उजवा पाय आवाजाच्या पॅडलवर. माझा गुडघा करतो तेच तो पाय करतो! वीस मिनिटं हा गडी एकाच ब्लूजमध्ये रमतो. त्यात कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली प्रार्थना स्वच्छ ऐकू येते. आमच्याकडच्या हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेत मराठी भक्तिगीतं ऐकलेल्याला ते परकं वाटू नये. फरक इतकाच, की तो मैफलीचा धनी आणि आम्ही साथीदार. गायकाच्या पुढे जायची खुमखुमी आली की आमची साथ बिघडते.

श्रीरामपूर-बेलापूर भागात कुणाच्या माडीवर जुना ऑर्गन पडला असेल, तर कृपा करून भंगारात घालू नका. उंदरांनी कुरतडलेला भाता नवा करता येतो. आतल्या पितळी सूरपट्ट्या मात्र हौसेनं घासू नका: टोकाला घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. ते काम जाणकारालाच करू द्या.