अभेद्य कवचाची फट

रक्षण कोणाला नको असते? बाळाच्या मनगटाला काळा दोरा बांधणारी आजी, पेरणीच्या आधी धुऱ्यावर नारळ फोडणारा शेतकरी, परीक्षेला निघताना तळहातावर दही-साखर घेणारे आपण विद्यार्थी, सारेच आपापल्या परीने कवच शोधत असतात. मात्र कवच किती जाड असावे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. मला तो विचारावा लागला तो एका खेळामुळे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे या खेळाचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. यात पट लागतोच असे नाही. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. सूत्रधार म्हणतो, “गुहेतून राक्षस आला.” मग ज्याने-त्याने काय करायचे ते सांगावे, आणि वीस बाजूंचा फासा टाकून ते साधले की नाही हे ठरवावे. आमच्या वसतिगृहात पुण्याहून आलेल्या एका मित्राने हा फासा आणला, आणि यवतमाळच्या उकाड्यात, वीज गेलेल्या रात्री, मेणबत्तीभोवती आमचा दरबार भरू लागला.

भांडण लागले ते ‘ढाल’ या मंत्रावरून. पुस्तकात तो ‘शिल्ड’ म्हणून येतो. शत्रूचा वार लागतोय असे दिसताच मांत्रिकाने हा मंत्र म्हणावा; त्याचा बचावाचा आकडा आपली पुढची पाळी येईपर्यंत पाचाने वाढतो. पाच म्हणजे कितीसे? पण गणित करून पाहा. शत्रूने फाशात सहा मिळवून आपला बचाव गाठायचा आहे असे समजा. साध्या कपड्यांतल्या मांत्रिकाचा बचाव १२. त्याला वीसपैकी पंधरा वेळा वार लागतो. ढाल धरली की दहा वेळा. म्हणजे एक तृतीयांश मार वाचला. आता लोखंडी चिलखत घातलेला, मंत्रही येणारा योद्धा घ्या. त्याचा बचाव १८. त्याला मुळातच वीसपैकी नऊ वार लागतात. ढाल धरली की केवळ चार. त्याचा निम्म्याहून अधिक मार वाचला! मंत्र तोच, शब्द तेच. पण उघड्याला तो थोडा उपयोगी पडतो आणि झाकलेल्याला फार. मला वाटते, या खेळाबाहेरही पुष्कळ ठिकाणी असेच चालते.

आमच्यातल्या एकाने नेमके असेच पात्र उभे केले होते. पंधरा दिवसांत दारव्ह्याचा मित्र वैतागून म्हणाला, “अबे, याले तं काही लागूनच नाही राह्यलं! मंग आमी इथं काय टाळ्या वाजवाले बसलो का?” त्याचे म्हणणे खरे होते. दोघे तर यायचेच बंद झाले. ज्याला काहीच लागत नाही त्याच्या गोष्टीत काही घडत नाही, आणि त्याच्यासोबत असलेल्यांच्या वाट्याला नुसते बघणे येते.

यावर पहिला उपाय सर्वांना सुचतो तो असा की, शत्रू बलवान करावा. सूत्रधाराने शत्रूचे सहा होते ते अकरा केले. आता चिलखतवाल्याला ढालीआडूनही वीसपैकी नऊ वार लागू लागले, म्हणजे तो होता तिथेच आला. आणि साध्या कपड्यांतला बिचारा मांत्रिक? ढाल संपली की त्याला वीसपैकी एकोणीस! एकाचे कवच भेदण्यासाठी वाढवलेला शत्रू कवच नसलेल्याच्याच उरावर बसतो.

मग काय करावे? याचे उत्तर आपल्या जुन्या कथाकारांना चांगले ठाऊक होते. हिरण्यकशिपूच्या वराला संध्याकाळची आणि उंबरठ्याची फट होती. जयद्रथाचा वर तर एखाद्या खेळाच्या पुस्तकात शोभावा असा: अर्जुन सोडून बाकीच्या पांडवांना अडवशील, तेही एकच दिवस. तेवढ्या एका दिवसात अभिमन्यू गेला, आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जयद्रथही गेला. नारायणास्त्रापासून वाचायचे तर शस्त्र खाली ठेवावे लागे. आमच्या खेळातही ‘अभय’ देणारा एक मंत्र आहे, आणि अभय मिळालेल्याने स्वतः वार केला की तो तत्क्षणी संपतो. खेळ वेगळा, देश वेगळा, पण शहाणपण एकच. संरक्षण द्यावे, पण त्याला मुदत असावी, मोल असावे, फट असावी.

आपल्या अष्टा-चंगातही हेच नाही का? फुलीच्या घरात बसलेली सोंगटी कोणी मारू शकत नाही. परंतु आमच्या घरी असा नियम आहे की, दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. म्हणून फुलीवर कायम बसून राहण्यात अर्थ नसतो. कधी ना कधी उघड्यावर यावेच लागते.

इथवर हा सारा विचार मला खेळापुरता वाटत होता. पण मी कापसाच्या जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. ढालीचे गणित मांडता मांडता मला आठवली ती आमची पराटी. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली मान्यता मिळाली. बोंडअळीविरुद्धचे कवच बियाण्यातच विणलेले! २००६ मध्ये ते कवच दुहेरी झाले. तज्ज्ञांनी त्याला एक फट मुद्दाम ठेवायला सांगितली होती: शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीचे पाच तास, किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. बीटीच्या थैलीसोबत त्यासाठी वेगळी पुडीही येई. या तासांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा बीटी पचवलेल्या पतंगांशी संकर व्हावा, आणि पुढची पिढी पुन्हा कवचापुढे हतबल ठरावी, असा तो हिशेब. पण चार एकरांच्या धन्याने पाच तास अळीला कसे सोडावेत? पुष्कळांनी ते लावले नाहीत. फरदडीची पराटीही उन्हाळ्यापर्यंत शेतात उभी राहिली, अळीला बारमाही घर मिळाले. कवचाने साध्या अळ्या मारल्या. उरल्या त्या कवच पचवणाऱ्या. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली तेव्हा मी शाळेत होतो. वरून हिरवे दिसणारे बोंड वडिलांनी नखाने फोडून दाखवले होते. आत सरकीपर्यंत काळे. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात मजूर दगावले. शत्रू मोठा झाला, आणि किंमत दिली ती अंगावर साधा सदरा घालून फवारणाऱ्यांनी. त्या मेणबत्तीभोवतीच्या उघड्या मांत्रिकासारखीच!

तेव्हा फट ही कवचातली उणीव नव्हे. तिच्यामुळेच कवच टिकते. ती बुजवायला गेलो की शत्रू तेवढा वाढतो, आणि मार खातो तो कवचाबाहेरचा. मात्र ती फट एकट्या गरिबाने आपल्या खर्चाने सोसावी, हेही न्यायाचे नाही. तिची झळ सर्वांनी वाटून घ्यायला हवी.

आमच्या मंडळीने बऱ्याच वादानंतर पुस्तकाबाहेरचा एक नियम केला. ढाल स्वतःवर धरली तर पुढच्या पाळीत वार करता येणार नाही. शेजाऱ्यावर धरली तर करता येईल. एवढ्याने काय होणार, असे मला वाटले होते. पण चिलखतवाला गडी दुसऱ्याच रात्री आपली जागा सोडून त्या उघड्या मांत्रिकाच्या अंगाला अंग लावून उभा राहिला. अर्थात, त्याला वार करायचे होते म्हणून! दारव्ह्याचा मित्र म्हणाला, “आता कसं, बराबर!” जे दोघे यायचे थांबले होते, तेही परत आले आहेत. वाद मात्र संपलेला नाही. एका प्राध्यापकांना नियम दाखवला तर ते म्हणाले, “शेजारी मेल्यावर काय?” यावर आमच्यात सध्या विचार चालू आहे.