नळी घालण्याआधी एक बटण दाबायचं असतं

लघवीवर ताबा न राहणं, हा विषय आपल्याकडं कुणी काढत नाही. नांदेड-लातूरकडची म्हातारी माणसं हळूहळू लग्नाला जायचं सोडतात, एसटीत बसायचं टाळतात, आणि घरचे म्हणतात वय झालं आता. माझ्या थोरल्या काकांचं दोन वर्षं हेच चाललं होतं. गाव देगलूर तालुक्यात. कॅन्सरमुळं प्रोस्टेट काढावी लागली, त्यानंतर दिवसाला चार-पाच डायपर.

शेवटी हैदराबादला झडप बसवली. आर्टिफिशियल युरिनरी स्फिंक्टर म्हणतात. 1970च्या दशकात अमेरिकेत निघालेली ही गोष्ट अजूनही काही लाखांना पडते. मूत्रमार्गाभोवती सलाइननं भरलेला कफ, पोटात एक फुगा, अंडकोशाच्या पिशवीत छोटासा पंप. लघवी लागली की पंप दाबायचा, कफ रिकामा होतो, काम झालं की दोन-तीन मिनिटांत आपोआप भरतो.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी घरी जाऊ शकता. रात्रभर नळी ठेवून सकाळी काढायची ही जुनी पद्धत, परदेशात आता बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी सोडतात. वैद्यकीयदृष्ट्या त्यात चूक नाही. घर दवाखान्यापासून अर्ध्या तासावर असेल तर उत्तमच, उगाच कॉटवर पडून कशाला राहायचं? पण आमचं गाव चार-पाच तासांवर. नळी काढल्यावर सुजेमुळं लघवी तुंबू शकते. रात्री दोनला तुंबली तर जवळच्या दवाखान्यात हाताला येईल ती जाड नळी घालणार, तीही कालच्या ताज्या ऑपरेशनवर!

काकू सातवी शिकलेल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आज आम्ही जात नाही. उद्या नळी काढा, दोनदा नीट लघवी होऊ द्या, मग निघतो." डॉक्टरांनी ऐकलं, हेही सांगायला पाहिजे.

पहिले 6 आठवडे झडप बंदच, म्हणजे कफ मुद्दाम उघडा ठेवलेला. गळती पहिल्यासारखीच. गावात लगेच सुरू, पैसे पाण्यात गेले म्हणून. झडप चालू केल्यावर बोलणारे गप्प झाले.

खरी भीती पुढंच होती. पाच महिन्यांनी काका तापानं फणफणले, अर्धवट शुद्धीत. नेलं एका दवाखान्यात, नाव घेत नाही. सिस्टर सवयीनं नळीचा ट्रे घेऊन आल्या. कफ भरलेला असताना नळी रेटली तर मूत्रमार्ग आतून झिजतो, फाटतो, मग सगळं यंत्र काढून टाकावं लागू शकतं. काकूंनी हात धरला. "आधी पंप दाबून कफ रिकामा करा, मग बाजूचं बटण दाबून बंद करा, आणि बारीक नळी घाला." पर्समधलं कार्ड पुढं केलं. सिस्टर बिचाऱ्या गोंधळल्या, पण थांबल्या. हैदराबादला फोन लावून विचारलं, मग पुढचं झालं. सिस्टरचा दोष मी मानत नाही. त्यांना हे कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय असो की लातूरचं विलासराव देशमुख संस्थेचं, अख्ख्या जिल्ह्यातले गंभीर पेशंट तिथंच येतात. कॅज्युअल्टीत नळी घालण्याआधी "आत कुठलं यंत्र बसवलंय का?" हा एक प्रश्न केसपेपरवर छापायला किती खर्च येतो? पेसमेकर आहे का म्हणून विचारतातच ना! आणि डिस्चार्ज त्याच दिवशी द्यायचा तर कागद मराठीत द्या: नळी कधी काढली, लघवी झाली का, अडचण आली तर फोन कुणाला. इंग्रजी समरी काकूंनी पोराकडून वाचून घेतली म्हणून निभावलं.

कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. काकांच्या गळ्यात आता तावीजासारखं लॅमिनेट केलेलं कार्ड असतं, काकू आंघोळीलासुद्धा काढू देत नाहीत.