भार पडल्यावांचून पारख नाहीं

फुटकी घागर रिकामी असतांना चांगलीच दिसते. तिची लबाडी पाणी भरल्यावर उघडकीस येते. फोनच्या चार्जरची जी चिमुकली डबी आपण भिंतीवर लावतों, तिचेंहि तसेंच आहे.

दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्यें कोपर स्थानक आहे. खालून मुंबईच्या गाड्या धांवतात, वरून दिवा-वसई मार्ग जातो. तेथें आमचें नऊ माणसांचें एकत्र कुटुंब नांदतें. सकाळीं मिळवतीं माणसें लोकलनें निघून गेलीं कीं घरीं आई, दादा व लहान मुलें उरतात, आणि त्यांचा-आमचा दुवा म्हणजे फोन. दादांना हृदयविकार आहे. आणि नेमका त्यांचाच फोन रात्रभर चार्जरला लावूनहि सकाळीं अर्धाच भरलेला आढळूं लागला. "फोन म्हातारा झाला, माझ्यासारखाच," असें दादा हंसून म्हणाले. नवा फोन घेण्यापूर्वीं चार्जरची परीक्षा घ्यावी, असें मला वाटलें.

नुसता व्होल्टमापक लावून भागत नाहीं. घरांतील अकराहि डब्या बिनभारानें सुमारें पांच व्होल्टच दाखवीत होत्या! म्हणून लॅमिंग्टन रोडवरून दहा ओहमचे, प्रत्येकीं दहा वॉटचे, चार पांढरे सिमेंटी रेझिस्टर आणले. एका जाड, आंखूड यूएसबी वायरीच्या तांबड्या व काळ्या तारांमध्यें ते समांतर जोडून प्रत्येकाला बटण दिलें. गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम हिशेबास पुरतो: पांच व्होल्टला दहा ओहमनें भागलें कीं अर्धा अँपियर. एक बटण दाबल्यास अर्धा, चारी दाबल्यास दोन अँपियर. त्या वेळीं एकंदर दहा वॉट उष्णता निघते व रेझिस्टर हात भाजण्याइतके तापतात. म्हणून ते फरशीच्या तुकड्यावर बसवून मुलांपासून दूर ठेवावे. डबीवर छापल्याहून अधिक भार मात्र घालूं नये.

यूएसबीच्या मूळ नियमाप्रमाणें दाब पावणेपांच ते सव्वापांच व्होल्ट असावा. दादांच्या उशाशीं असलेल्या डबीवर 'दोन अँपियर' छापलें होतें. अर्ध्या अँपियरलाच ती सव्वाचार व्होल्टवर घसरली. फोन बिचारा निर्दोष! आणखी दोन डब्या पूर्ण भाराखालीं वांकल्या. वायरींचीहि झडती घेतली. कारण एकूण पाव ओहम रोधाची बारीक वायर दोन अँपियरला अर्धा व्होल्ट वाटेंतच गिळते.

एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या परीक्षेनें डबीची ताकद कळते, सुरक्षितता नव्हे. आंतल्या बाजूस घरची वीज व फोनकडे जाणारी वीज नीट अलग राखली आहे कीं नाहीं, हें तींत दिसत नाहीं. त्यासाठीं भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण पाहूनच खरेदी करावी.

तिन्ही दुबळ्या डब्या ई-कचऱ्यांत दिल्या. उरलेल्या आठांवर त्यांच्या खऱ्या ताकदीच्या चिठ्ठ्या डकविल्या. एक अँपियरची जी जुनी डबी आपला भार इमानानें पेलते, तिला देवघरांतील छोट्या दिव्याचें काम मिळालें. दोन अँपियर पुरें पेलणारी दादांच्या उशाशीं गेली. मोठ्या कुटुंबांत ज्याला जें झेपेल तें काम द्यावयाचें असतें. मात्र झेप किती, हें आधीं जोखून पाहिलें पाहिजे.