थुंकी नव्हे, बेडका

वडिलांचा खोकला तीन आठवडे हटेना, तरी आम्ही तो म्हातारपणाचाच मानला. संध्याकाळची कणकण, सैल होत चाललेले कपडे, सारे वयाच्या खात्यावर मांडले. उरलेला दोष उरणच्या दमट खाऱ्या हवेला दिला. अखेर डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला आणि मी घाईने डबीत भरून नेली ती नुसती लाळ! नमुना पुन्हा द्यावा लागला.

वाचकहो, गोव्यातील मोलबायो कंपनीची ‘ट्रूनॅट’ चाचणी आज लहान आरोग्यकेंद्रातही क्षयाचे जंतू शोधते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिची शिफारस केली. बेडका चिकट असतो. त्यातून जंतूंचा डीएनए स्वच्छ वेगळा करणे हेच खरे अवघड काम. त्यासाठी पूर्वी मोठी प्रयोगशाळा व सराईत हात लागत. आता पातळ केलेला बेडका कार्ट्रिजमध्ये घातला, की बॅटरीवरही चालणारे ‘ट्रूप्रेप’ यंत्र ते काम सुमारे २० मिनिटांत करते. पुढची तपासणी धरून साधारण तासाभरात निष्कर्ष हाती येतो.

परंतु लाळेचा बेडका कोणतेही यंत्र करू शकत नाही. ती पहिली पायरी आपली. सकाळी रुग्णाला साध्या पाण्याने चूळ भरू द्या. मग मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर, दोन-तीन दीर्घ श्वास घेऊन छातीतून खोकायला सांगा.

दुसऱ्या नमुन्यात क्षय आढळला. सहा महिन्यांच्या औषधांनी वडील बरे झाले. सरकारी केंद्रांत ही तपासणी व औषधे मोफत आहेत. दोन आठवडे टिकलेल्या खोकल्याला कृपया वयाचे नाव देऊ नका.